अँटिऑक्सिडंट: ताटातलं आणि पाकिटातलं

ताप उतरतो, खोकला थांबतो, कोर्स संपतो. चिठ्ठीवरची शेवटची गोळी मात्र चालूच राहते. 'ही ताकदीची' म्हणून दिलेल्या त्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचलीत तर बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व, सेलेनियम, झिंक, कधी लायकोपीन अशी जत्रा भरलेली दिसते आणि वर ठळक लिहिलेलं असतं 'अँटिऑक्सिडंट'. पंधरा दिवसांसाठी दिलेली ही गोळी पुढे वर्षभर घेतली जाते, कारण बंद कधी करायची हे कुणी सांगितलेलं नसतं. शिवाय चिठ्ठी एकाची आणि गोळी घरातल्या चौघांना, हाही आपल्याकडचा रिवाज. वस्तू चांगलीच आहे, घेतली तर बिघडलं कुठे?

कधीकधी बिघडतं. आणि ते कुणाचं, कसं बिघडतं हे आता बऱ्यापैकी ठाऊक झालेलं आहे.

आधी ही भानगड काय आहे ते पाहू. शेंगदाण्याचं कूट डब्यात फार दिवस राहिलं की खवट लागतं. दाण्यातल्या तेलावर हवेतला ऑक्सिजन काम करतो आणि एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, अशी साखळी सुरू होते. तिळाचं तेल त्या मानाने जास्त टिकतं, कारण ही साखळी तोडणारे पदार्थ तिळात मुळातच असतात. आपल्या पेशींच्या आवरणातही स्निग्ध पदार्थ आहेत आणि तिथेही याच जातीची क्रिया चालते. ती सुरू करणाऱ्या उचापतखोर रेणूंना फ्री रॅडिकल म्हणतात आणि साखळी तोडणाऱ्यांना अँटिऑक्सिडंट. अन्नापासून ऊर्जा तयार करताना शरीरातच फ्री रॅडिकल तयार होतात. विडी-सिगारेटचा धूर, प्रदूषण, कडक ऊन यांनी त्यांची संख्या वाढते.

यावर शरीर हातावर हात ठेवून बसलेलं नसतं. ग्लुटाथायोन हा पदार्थ आपल्या पेशी स्वतः बनवतात. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटालेज अशी विकरंही घरचीच. त्यांतल्या काहींना झिंक, तांबं, मँगनीज किंवा सेलेनियम थोड्या प्रमाणात लागतं, म्हणून ही खनिजं अन्नातून यावी लागतात. क आणि ई जीवनसत्त्व, गाजर-आंब्यातली पिवळी-केशरी रंगद्रव्यं, जांभूळ-कोकमातली जांभळी रंगद्रव्यं ही त्यात भर घालतात. एक गोष्ट जाहिरातीत कधीच सांगितली जात नाही: पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी हेच फ्री रॅडिकल मुद्दाम तयार करून वापरतात. त्यामुळे त्यांचा समूळ नायनाट करणारी गोळी कुणी काढलीच, तर ती घेऊ नये.

गोळीची परीक्षा

म्हातारपण हे फ्री रॅडिकलचं काम आहे, असा सिद्धान्त डेनहॅम हार्मन या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1956 मध्ये मांडला. 1970 मध्ये लायनस पॉलिंग यांनी सर्दीवर क जीवनसत्त्वाचे मोठे डोस घ्यावेत असं सांगणारं पुस्तक लिहिलं. पॉलिंग दोन नोबेलचे मानकरी, त्यामुळे लोकांनी ते मनावर घेतलं. (पुढच्या चाचण्यांत दिसलं ते इतकंच, की रोज गोळी घेणाऱ्या प्रौढांची सर्दी थोडी लवकर बरी होते, सर्दी व्हायची ती होतेच.) त्याच सुमारास पाहण्यांमधून दिसू लागलं होतं की भरपूर भाज्या-फळं खाणाऱ्यांना काही कर्करोग आणि हृदयविकार कमी होतात. मग भाजीतला नेमका गुणकारी पदार्थ काढून गोळीत भरला तर? विचार सरळ होता. त्याची परीक्षा घ्यायची ठरली.

फिनलंडमध्ये 29,133 पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर ही परीक्षा झाली. काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, काहींना नुसती खोटी गोळी, असं पाच ते आठ वर्षं चाललं. 1994 मध्ये निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला. ज्या आजारापासून वाचवायचं, तोच वाढला. अमेरिकेत धूम्रपान करणारे, सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेले कामगार मिळून 18,000 हून अधिक लोकांवर असाच प्रयोग सुरू होता. तिथे फुप्फुसाचा कर्करोग 28 टक्क्यांनी आणि मृत्यू 17 टक्क्यांनी जास्त दिसल्यावर 1996 च्या जानेवारीत, ठरल्या मुदतीच्या 21 महिने आधी, गोळ्या बंद केल्या गेल्या. पुढे 35,000 पुरुषांवर ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमचा प्रयोग झाला, प्रोस्टेटचा कर्करोग टळावा म्हणून. 2011 मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांत नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत तो 17 टक्क्यांनी वाढलेला होता.

हे सगळं एकत्र मांडणारा आढावा कोक्रेन या संस्थेने 2012 मध्ये काढला: 78 चाचण्या, जवळजवळ तीन लाख माणसं. अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी आयुष्य वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्वाच्या बाबतीत ते किंचित घटत असावं, असाच कल दिसला.

असं का व्हावं? पेरू खाणारा माणूस पेरूतलं फक्त क जीवनसत्त्व खात नाही. त्याच्या पोटात चोथा जातो, पोटॅशियम जातं, आणि पेरू खाल्ल्यामुळे तेवढा वडापाव कमी जातो, हेही हिशेबात धरायला हवं. गोळीत या गोष्टी येत नाहीत. येतो तो एकच पदार्थ, तोही ताटातून कधी मिळणार नाही इतका. एकाच पदार्थाचा पूर आला की शरीराची आपली व्यवस्था ढिली पडू शकते. जर्मनीत 2009 मध्ये तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना सोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या दिल्या. व्यायामाने इन्सुलिनचं काम सुधारतं. ते गोळी न घेणाऱ्यांत सुधारलं, घेणाऱ्यांत नाही. व्यायामात तयार होणारे फ्री रॅडिकल हाच शरीराला मिळणारा निरोप होता आणि गोळीने तो मध्येच अडवला. जिममध्ये घाम गाळून आल्यावर हजार मिलिग्रॅमची गोळी पाण्यात फसफसवून पिणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

मग गोळी कुणी घ्यायची?

कमतरता भरून काढणं वेगळं आणि कमतरता नसताना भर घालणं वेगळं. पहिल्यासाठी गोळ्या हव्यातच. आपल्याकडे लहान मुलांना नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे डोस देतात, ते अंधत्व आणि गोवरातली गुंतागुंत टाळण्यासाठी. ते चुकवू नयेत. आतड्याचा आजार किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांना, दीर्घकाळ दारू पिणाऱ्यांना, खाणंच कमी झालेल्या वृद्धांना तपासणीनंतर डॉक्टर जे देतील ते घ्यावं.

एक आजार असा आहे की त्यात अँटिऑक्सिडंट गोळीचा उपयोग खरोखर सिद्ध झाला आहे. उतारवयात दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज होते, समोरच्याचा चेहरा, अक्षरं दिसेनाशी होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेने केलेल्या चाचणीत क आणि ई जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन, झिंक आणि तांबं यांच्या ठरावीक मिश्रणाने, आजार मधल्या टप्प्यावर असलेल्यांत तो बळावण्याची शक्यता पाच वर्षांत सुमारे 25 टक्क्यांनी घटली. 2013 च्या पुढच्या चाचणीत बीटा-कॅरोटीन काढून ल्युटिन आणि झियाझँथिन घातलं, कारण पूर्वी सिगारेट ओढणाऱ्यांना त्याचा धोका दिसत होता. पण लक्षात घ्या: डोळे चांगले असलेल्याला हा आजार होऊच नये म्हणून या गोळीचा उपयोग दिसलेला नाही. मोतीबिंदूवरही ती औषध नव्हे. नेत्रतज्ज्ञाने दृष्टिपटल तपासून सांगितलं तरच घ्यायची.

काहींनी मात्र विशेष सावध राहावं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि नुकतीच सोडलेल्यांनी बीटा-कॅरोटीनची गोळी घेऊ नये. गाजर खुशाल खावं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसने रक्तस्राव वाढू शकतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर सर्जनना सगळ्या पूरक गोळ्यांची नावं सांगा, दाताची असली तरी. कर्करोगावर केमो किंवा रेडिएशन चालू असेल तर आपल्या मनाने एकही अँटिऑक्सिडंट सुरू करू नका, कारण त्यातले काही उपचार फ्री रॅडिकलच्याच बळावर गाठीवर काम करतात. मूतखड्याची सवय असलेल्यांनी क जीवनसत्त्वाच्या हजार मिलिग्रॅमच्या गोळ्यांपासून लांब राहावं. स्वीडनमधल्या पुरुषांच्या मोठ्या पाहणीत अशा गोळ्या घेणाऱ्यांत मूतखडे सुमारे दुप्पट आढळले. गर्भवतींनी अ जीवनसत्त्व असलेली कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये.

आणि ग्लुटाथायोनची इंजेक्शनं. लग्नाआधी 'गोरं होण्यासाठी' ती घेतली जातात. त्वचेचा रंग उजळवण्यासाठी त्यांना मान्यता नाही आणि शिरेतून दिल्यावर गंभीर प्रतिक्रिया आल्याच्या नोंदी आहेत. यावर अधिक काय लिहायचं?

चारशे ग्रॅमचा हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाला रोज साधारण 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं हवीत. आता आपला डबा उघडा. दोन पोळ्या, त्यांना लावून खाण्यापुरती बटाट्याची भाजी किंवा मटकीची उसळ, कोपऱ्यात लोणच्याची फोड. कोशिंबीर असलीच तर दोन चमचे, तीही दह्यात शोधावी लागते. पालेभाजीची भलीमोठी जुडी निवडून परतली की कढईच्या तळाशी जाऊन बसते आणि चौघांत एकेक डाव येते. भाजी 'तोंडी लावणं' असते तोवर चारशे ग्रॅम होत नाहीत. भाजीची वाटी भरून वाढा, कोशिंबिरीची वाटी वेगळी ठेवा आणि एखादी पोळी कमी करा. गोळ्यांपेक्षा हा फरक मोठा आहे.

क जीवनसत्त्व प्रौढ पुरुषाला दिवसाला 80 आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम लागतं. शंभर ग्रॅम पेरूत ते दोनशेच्या वर असतं, आवळ्यात अडीचशेच्या आसपास, संत्र्यात चाळीसच्या घरात. नागपूरकरांनी राग मानू नये, पण या शर्यतीत पेरू कितीतरी पुढे आहे आणि स्वस्तही. शेवग्याचा पालाही यात भक्कम आहे. शेंगा विकत आणतो आणि पाला झाडाखाली झाडून टाकतो. हजार मिलिग्रॅमची गोळी घेतली तर तिच्यातलं बरंचसं आतड्यातून शोषलंच जात नाही आणि शोषलेलं जास्तीचं लघवीवाटे जातं.

हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नासतं. म्हणून भाजी आधी धुवायची, मग चिरायची. सकाळची घाई वाचवायला रात्री कोबी बारीक चिरून ठेवण्यापेक्षा रात्री धुऊन, निथळून अख्खाच ठेवा. फरसबी-गाजर उकडलं तर त्याचं पाणी आमटीत घाला. लिंबू पोह्यांवर, उपम्यावर, वरणावर वाढताना पिळायचं, गॅसवर असताना नाही. मोरावळा रटरटा शिजतो आणि त्यात साखर आवळ्याच्या बरोबरीने असते. चवीसाठी खावा, मधुमेह असेल तर तोही बेताने. कच्चा आवळा किसून मीठ लावून ताटात घेतला तर सगळ्यात बरं.

केशरी आणि हिरव्या भाज्यांतल्या कॅरोटीनचं तंत्र याच्या उलट. गाजर, लाल भोपळा, पालक, लाल माठ यांतलं कॅरोटीन थोडं शिजवल्यावर आणि सोबत तेल असल्यावर जास्त अंगी लागतं. आपल्या आजीची पालेभाजी म्हणजे लसणाची फोडणी, वरून दाण्याचं कूट. तेलाशिवाय उकडलेल्या 'डाएट' पालकापेक्षा ती या बाबतीत सरस ठरते. टोमॅटोतलं लायकोपीनही तसंच. तूप-जिऱ्याच्या फोडणीचं टोमॅटोचं सार प्यायल्यावर लायकोपीनचं सिरप कशासाठी घ्यायचं, हा प्रश्न लिहून देणाऱ्याला जरूर विचारा.

जांभळ्या रंगासाठी परदेशी बेरीच्या मागे धावायचं कारण नाही. जांभूळ, करवंद, कोकम, लाल कांदा आपल्याकडे आहेत. कोकणात आणि गोव्यात कोकमाचं आगळ घरात असतंच. त्याची सोलकढी करा. बाटलीतलं कोकम सरबत म्हणजे मुख्यतः साखरेचा पाक. ज्वारी-नाचणीच्या आणि डाळींच्या सालीतही अशी अँटिऑक्सिडंट रसायनं असतात, म्हणून पीठ फार चाळू नये. कोणत्या फळात किती 'ओआरएसी' गुण, म्हणजे परीक्षानळीत मोजलेली अँटिऑक्सिडंट क्षमता, हे सांगणारे तक्ते अजून फिरत असतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने आपला असा तक्ता 2012 मध्येच संकेतस्थळावरून काढून टाकला, कारण परीक्षानळीतले गुण शरीरात तसेच मिळतात असं दिसत नव्हतं आणि जाहिरातदार त्यांचा गैरवापर करत होते.

चहातही चांगली अँटिऑक्सिडंट असतात, पण तीच जेवणातल्या लोहाला धरून ठेवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा घरात जेवणावर लगेच चहा नको; तासाभराने घ्या. लिंबू मात्र जेवणासोबतच, कारण ते लोह शोषायला मदत करतं. पालकाच्या भाजीवर अर्धं लिंबू आणि वर चहा, असं केलंत तर एकाने दिलेलं दुसऱ्याने नेलं.

हळदीबद्दल वेगळं सांगायला हवं. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के, आणि ते रक्तात फारसं उतरत नाही. म्हणून कॅप्सूलवाले त्यात मिऱ्यातलं पायपरिन घालतात, त्याने शोषण बरंच वाढतं. त्याबरोबर यकृतावरचा भारही वाढत असावा. अशा कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या घटना अमेरिका आणि इटलीत नोंदल्या गेल्या आहेत. लघवी गडद पिवळी होणं, भूक मरणं, डोळे पिवळे दिसणं यांतलं काही जाणवलं तर कॅप्सूल बंद करून तपासणी करा. आमटीतली चिमूटभर हळद निर्धोक आहे, मात्र ती शुद्ध हवी: सुट्या हळदीत चकाकीसाठी लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार घडतात. सांगलीची अख्खी हळकुंडं आणून दळून घेणाऱ्या बायका उगाच कष्ट घेत नव्हत्या.

पाकीट वाचताना

पूरक गोळी घ्यायचीच असेल तर आधी पाठीमागची बाजू वाचा. एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक हवा. 'हेल्थ सप्लिमेंट' आणि 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' हे शब्द असतील तर ते औषध नाही, असं कंपनीनेच लिहून दिलेलं आहे; विक्रेता तोंडी काहीही सांगो. प्रत्येक घटकापुढे मिलिग्रॅम आणि रोजच्या गरजेच्या किती टक्के हे छापलेलं असतं. शंभर टक्क्यांच्या आसपासची साधी मल्टिव्हिटॅमिन बहुतेकांना अपाय करत नाही. हजार टक्के दिसले तर खाली ठेवा. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' म्हणून प्रमाणच लपवलं असेल तरीही.

मग बेरीज करा. केसांसाठी एक, सांध्यांसाठी एक, 'इम्युनिटी'साठी एक आणि प्रोटीन पावडर, या चारही डब्यांत सेलेनियम आणि झिंक असू शकतं. सेलेनियम अति झालं की नखं ठिसूळ होतात आणि केस गळतात, म्हणजे जी तक्रार घेऊन गोळी सुरू केली तीच वाढते. झिंक फार दिवस जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं घटतं. केसांच्या गोळ्यांत बायोटिन भरपूर असतं आणि त्याने थायरॉइडच्या, तसंच छातीत दुखत असताना करतात त्या ट्रोपोनिनच्या रक्तचाचणीचा निकाल चुकू शकतो. रक्त द्यायला जाण्यापूर्वी किती दिवस गोळी बंद ठेवायची हे लॅबमध्ये विचारून घ्या.

घरात आधीच सुरू असलेल्या गोळ्यांचं काय? सगळी पाकिटं एका ताटात काढा. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहा: कुणी सांगितली, कशासाठी, किती दिवसांसाठी. उत्तर मिळत नसेल ती बाजूला ठेवा. लोह, फॉलिक ॲसिड, बी-12, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांचा प्रश्न वेगळा आहे, ती तपासणीवरून दिलेली असतात. ती आपल्या मनाने थांबवू नका. उरलेल्या पाकिटांच्या मागच्या बाजूचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलात की नाडी दाखवण्याआधी ते दाखवा.